राज्यघटनेतून गळालेला एक शब्द

पाकिस्तानच्या संविधान सभेने १२ मार्च १९४९ रोजी एक ठराव मंजूर केला. ‘उद्दिष्टांचा ठराव’ म्हणून तो ओळखला जातो. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी तो पाच दिवस आधी मांडला होता. त्यातलं एक वाक्य अल्पसंख्याकांविषयी होतं: त्यांना आपापला धर्म मुक्तपणे मानता आणि आचरता यावा, आपली संस्कृती जोपासता यावी, यासाठी पुरेशी तरतूद केली जाईल. पुढची छत्तीस वर्षं हा ठराव घटनेच्या प्रस्तावनेपुरता राहिला. १९८५ मध्ये जनरल झिया उल हक यांनी तो घटनेचा अंमलात आणता येण्याजोगा भाग केला आणि त्याचा मजकूर घटनेला जोडला. वाक्य तेच होतं, फक्त ‘मुक्तपणे’ हा शब्द त्यात उरला नव्हता.

एक शब्द गेला म्हणून काय झालं, असं वाटू शकतं. धर्म पाळायची मुभा तर राहिलीच. पण ती आता कोणीतरी दिलेली मुभा झाली. किती पाळायचा, कुठे पाळायचा, प्रार्थनास्थळाला काय म्हणायचं, नमस्कार कोणत्या शब्दांत करायचा, हे ठरवणारा दुसरा कोणीतरी आला. मूलतत्त्ववाद म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर मी या शब्दापासून सुरुवात करतो. माणूस किती धार्मिक आहे, दिवसातून किती वेळा हात जोडतो, याच्याशी मूलतत्त्ववादाचा संबंध फार थोडा आहे. माणसाच्या आयुष्याबद्दलचा शेवटचा निर्णय कोणाच्या हाती असावा, हा त्याचा विषय आहे. म्हणून ती एक राजकीय विचारसरणी आहे, आणि प्रबोधनाने, म्हणजे युरोपातल्या अठराव्या शतकातल्या विचारजागृतीने, माणसाला जे दिलं, स्वतःच्या बुद्धीने ठरवण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि वेगळं वागण्याचा अधिकार, तेच तिला नको आहे.

आपला मराठी शब्द इथे थोडी दिशाभूल करतो. ‘मूळ तत्त्व’ म्हटलं की काहीतरी जुनं, शुद्ध, गाळ काढलेलं डोळ्यांसमोर येतं. मूळ इंग्रजी शब्द ‘फंडामेंटलिझम’ मात्र अवघ्या शंभर वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतला. १९१० ते १९१५ या काळात तिथल्या प्रोटेस्टंट पंथीयांनी एका तेल उद्योजकाच्या पैशाने बारा पुस्तिका छापल्या आणि लाखोंनी वाटल्या. त्यांतून ‘मूलभूत’ श्रद्धांची यादी तयार झाली आणि त्या यादीसाठी लढणाऱ्यांना हे नाव पडलं. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी एका शिक्षकावर उत्क्रांतीवाद शिकवल्याबद्दल खटला झाला आणि शंभर डॉलर दंड झाला, तोवर ही चळवळ थेट राज्याचे कायदे लिहू लागली होती. छापखाना, टपाल, उद्योगपतीचा पैसा, विधिमंडळ ही सगळी साधनं आधुनिक होती.

परंपरेने चालत आलेला धर्म असा नसतो. माझ्या आईच्या उपासाला साबुदाणा आणि बटाटा चालतो. दोन्ही पिकं मूळची दक्षिण अमेरिकेतली, काही शतकांपूर्वी इथे आलेली. ती उपासाला चालतात असा फतवा कोणी काढला नव्हता. बायकांनी आपापल्या चुलीपाशी ठरवलं आणि ते रूढ झालं. कोकणात कित्येक गावच्या उरुसाला हिंदू घराण्याचा मान असतो, तोही कुठल्या ग्रंथात सापडायचा नाही. परंपरेत जाच आहे, जात आहे, बाईला दाबणं आहे, हे मी विसरत नाही. त्याविरुद्ध लढावं लागलं आणि अजून लागतं. पण परंपरा विखुरलेली असते, गावोगाव वेगळी असते, आणि म्हणून तिच्यात फटी असतात. मूलतत्त्ववादी या फटी बुजवायला निघतो. त्याला एकच पुस्तक, एकच अर्थ आणि तो अर्थ लागू करायला पोलीस हवे असतात.

याचा सगळ्यात प्रभावी सिद्धांतकार जन्मला आपल्या मराठवाड्यात. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ मध्ये औरंगाबादचा, म्हणजे तेव्हाच्या निजामी राज्यातला. पेशाने ते पत्रकार होते. १९४१ मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. पाकिस्तानच्या मागणीला त्यांचा विरोध होता. मुस्लिम लीगचे पुढारी पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले आहेत आणि त्यांना इस्लामी राज्य उभारता येणार नाही, असं त्यांचं मत होतं. फाळणीनंतर मात्र ते पाकिस्तानात गेले आणि त्या राज्याला इस्लामी करणं हेच त्यांनी काम मानलं. १९३९ मध्ये लाहोरला दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी आपल्या कल्पनेतलं राज्य उलगडून दाखवलं. त्या राज्यात कोणालाही आपला कुठलाही व्यवहार खासगी मानता येणार नाही, आणि या एका बाबतीत त्याचं फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट राज्यांशी साम्य आहे, असं त्यांनी स्वतःच म्हटलं. फरकही सांगितले, पण साम्य लपवलं नाही. हे मी टीका म्हणून सांगत नाही, त्यांच्याच मांडणीत ते आहे. सातव्या शतकातल्या अरबस्तानात असं राज्य असणंच शक्य नव्हतं. माणसाच्या घरात शिरणारं, त्याची नोंद ठेवणारं, त्याच्या मुलांचा अभ्यासक्रम लिहिणारं राज्य ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे. मौदुदींना ती यंत्रणा पूर्ण हवी होती, आणि ती यंत्रणा रोखण्यासाठी प्रबोधनाने घातलेली बंधनं नको होती.

या मांडणीचा पाया एका वाक्यात आहे: सार्वभौमत्व ईश्वराचं. ऐकायला हे नम्रपणाचं वाटतं. माणसाने स्वतःला सर्वश्रेष्ठ समजू नये, यात वावगं काय? पण ईश्वर कचेरीत येऊन बसत नाही. त्याच्या वतीने सही कोणीतरी माणूसच करतो. जनतेच्या वतीने सही करणाऱ्याला पाच वर्षांनी घरी पाठवता येतं, त्याला न्यायालयात खेचता येतं, वर्तमानपत्रात त्याच्यावर टीका करता येते. ईश्वराच्या वतीने सही करणाऱ्यावर टीका केली की ती ईश्वरनिंदा ठरते. लोकशाहीत राज्यकर्त्याला खुर्चीवरून उतरवण्याची जी सोय आहे, ती या एका वाक्याने बंद होते.

हे १९४९ मध्येच एका माणसाने सभागृहात उभं राहून सांगितलं होतं. त्यांचं नाव भूपेंद्रकुमार दत्त. बंगालमधल्या युगांतर गटाचे ते क्रांतिकारक. ब्रिटिशांच्या तुरुंगात त्यांची उमेदीची कित्येक वर्षं गेलेली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून ते पाकिस्तानच्या संविधान सभेत बसले. ठरावावर बोलताना त्यांनी म्हटलं की राजकारण बुद्धीच्या प्रांतातलं आहे आणि धर्म श्रद्धेच्या. दोन्ही एकत्र कालवली तर दोन्हींचं नुकसान होईल. धर्मावर टीका होईल आणि श्रद्धावंत दुखावतील, आणि दुसरीकडे बुद्धी पांगळी होईल, टीकेचं तोंड बंद होईल. पुढे ते म्हणाले की आज सत्तेवर असलेल्यांकडून आम्हाला भीती वाटत नाही, पण घटना आपल्यानंतरही राहणार आहे. एखाद्या दिवशी, कदाचित आपल्या हयातीतच, कोणी धाडसी सत्ताकांक्षी येईल आणि आपली हुकूमत लादण्यासाठी याच ठरावाचा आधार घेईल. बिगरमुस्लिम सदस्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. झिया उल हक यांनी सत्ता बळकावली ५ जुलै १९७७ ला.

दत्तांचं ते भाषण मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात अल्पसंख्याकाची याचना नाही. ठराव मांडणाऱ्यांचा अपमान नाही. आपण सगळे मिळून कोणतं दार उघडतो आहोत, ते दाखवण्याची कळकळ आहे.

त्याच चर्चेत ठरावाच्या बाजूने बोललेल्यांत परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान होते. फाळणीच्या वेळी सीमा आयोगापुढे मुस्लिम लीगची बाजू त्यांनीच मांडली होती. ते अहमदिया पंथाचे होते. हा पंथ स्वतःला मुसलमान मानतो, पण संस्थापकाला प्रेषित मानण्यावरून बरेच धर्मपंडित त्याला इस्लामबाहेरचा ठरवतात. चारच वर्षांनी, १९५३ च्या सुरुवातीला, पंजाबात दंगली उसळल्या. मागण्या तीन: अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवा, झफरुल्ला खान यांना मंत्रिपदावरून काढा, आणि महत्त्वाच्या सरकारी जागांवरचे सगळे अहमदिया हटवा. माणसं मारली गेली, दुकानं जाळली गेली. ६ मार्चला लाहोर लष्कराच्या ताब्यात द्यावं लागलं. पाकिस्तानातला हा पहिला लष्करी कायदा. ज्या ठरावाची झफरुल्ला खान यांनी भलामण केली, त्याने राज्याला धर्म दिला होता. राज्याला धर्म असेल, तर त्या धर्माचा माणूस कोण आणि कोण नाही हेही राज्यालाच सांगावं लागणार होतं.

दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर आणि न्यायमूर्ती एम. आर. कयानी यांची नेमणूक झाली. त्यांचा १९५४ चा अहवाल दक्षिण आशियातल्या प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यांनी एक साधी गोष्ट केली. नामवंत उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, एकेक करून साक्षीला बोलावलं आणि विचारलं, मुसलमान कोणाला म्हणावं, त्याची व्याख्या सांगा. मौदुदींनाही विचारलं. प्रत्येकाने उत्तर दिलं आणि कुठल्याही दोघांचं उत्तर जुळलं नाही. न्यायमूर्तींनी लिहिलं की आम्ही आमची वेगळी व्याख्या केली तर या सगळ्यांच्या मते आम्ही एकमुखाने धर्माबाहेर जाऊ, आणि यांच्यापैकी एकाची व्याख्या घेतली तर त्या एकाच्या दृष्टीने मुसलमान राहू आणि बाकी सगळ्यांच्या दृष्टीने काफिर ठरू.

मला इथे इस्लामची कुचेष्टा करायची नाही. हाच प्रश्न हिंदू धर्माचार्यांना एका रांगेत बसवून विचारला तर याहून जुळणारी उत्तरं मिळतील, असं मानायला मला काही आधार दिसत नाही. चारही पीठांचे शंकराचार्य, वारकरी फडांचे प्रमुख, लिंगायत मठाधिपती यांच्याकडून ‘हिंदू कोण’ याची एक व्याख्या काढून दाखवावी. श्रद्धेच्या जगात हे मतभेद ही श्रीमंती असते, वाद घालत माणसं शतकानुशतकं एकत्र नांदतात. व्याख्येला सरकारी शिक्का लागतो, तेव्हा एक मत कायदा होतं आणि बाकीची मतं गुन्हा होतात.

न्यायमूर्तींनी मौदुदींना आणखी एक प्रश्न विचारला. तुम्ही पाकिस्तानात धार्मिक राज्य आणता, मग हिंदुस्थानात हिंदूंनी आपल्या धर्माप्रमाणे राज्य आणलं आणि तिथल्या मुसलमानांना मनूच्या कायद्याने शूद्र आणि म्लेंच्छ म्हणून वागवलं, राज्यकारभारातला वाटा आणि नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले, तर तुमची हरकत असेल का? मौदुदींनी सांगितलं, हरकत नसेल. सीमेपलीकडच्या कोट्यवधी मुसलमानांचं आयुष्य त्यांनी एका उत्तरात देऊन टाकलं. मला वाटतं, मूलतत्त्ववादाचा गाभा कळायला ही एक साक्ष पुरेशी आहे. एका धर्माचा मूलतत्त्ववादी दुसऱ्या धर्माच्या मूलतत्त्ववाद्याचा शत्रू असल्यासारखा दिसतो, पण राज्य कसं असावं यावर दोघांचं एकमत असतं. दोघांचाही खरा विरोधक म्हणजे सगळ्यांना एक नागरिक मानणारी घटना.

यापुढचा भाग जास्त अस्वस्थ करणारा आहे, कारण तो मूलतत्त्ववाद्यांपेक्षा इतरांविषयी आहे. पाकिस्तानी मतदाराने धार्मिक पक्षांना डोक्यावर घेतलं नव्हतं. १९७० च्या निवडणुकीत राष्ट्रीय सभेच्या ३०० जागांपैकी जमात-ए-इस्लामीला मिळाल्या ४. तरीही त्यांची मुख्य मागणी चारच वर्षांत मान्य झाली आणि ती मान्य करणारे होते समाजवादाचा नारा देऊन निवडून आलेले झुल्फिकार अली भुट्टो. ७ सप्टेंबर १९७४ रोजी घटनेत दुसरी दुरुस्ती झाली आणि अहमदिया बिगरमुस्लिम ठरले. वीस वर्षांपूर्वी दोन न्यायमूर्तींना जी व्याख्या सापडली नव्हती, ती संसदेने मतदानाने ठरवली. १९७७ मध्ये सत्ता हातची जाताना दिसल्यावर भुट्टोंनी दारूबंदी केली, शुक्रवारची सुट्टी आणली. त्याने ते वाचले नाहीत. जी भाषा आपली नाही, त्या भाषेत बोली लावायला गेलं की ती भाषा अस्खलित बोलणारा पुढे निघून जातो.

झियांनी मग कायद्यांची रांग लावली. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेली दंडसंहिता दोन्ही देशांची एकच होती. धार्मिक भावना दुखावण्याचं २९५-अ हे कलम १९२७ मध्ये तिच्यात आलं, तेही दोघांचं सामाईक. आपल्याकडे ते आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. पाकिस्तानात त्याच कलमाला फांद्या फुटत गेल्या. १९८२ मध्ये कुराणाच्या अवमानासाठी जन्मठेप आली, १९८६ मध्ये पैगंबरांच्या अवमानासाठी मृत्युदंड आला. मधे १९८४ च्या वटहुकुमाने अहमदियांना आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं, स्वतःला मुसलमान म्हणवणं गुन्हा ठरवलं, शिक्षा तीन वर्षं. पासपोर्ट काढताना मुसलमान म्हणून नोंद हवी असेल तर अहमदिया पंथाच्या संस्थापकाला नाकारणाऱ्या मजकुराखाली सही करावी लागू लागली. भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. १९९६ मध्ये ते गेले आणि रबवाहला त्यांची कबर झाली. पहिले मुस्लिम नोबेलविजेते असं तिच्या दगडावर कोरलं होतं, त्यातला ‘मुस्लिम’ शब्द पुसण्यात आला.

बायकांच्या वाट्याला काय आलं ते १९७९ च्या हुदूद वटहुकुमांत दिसतं. बलात्काराला हद्दची, म्हणजे धर्मशास्त्राने ठरवून दिलेली कठोर, शिक्षा द्यायची तर चार प्रौढ मुस्लिम पुरुषांची प्रत्यक्षदर्शी साक्ष हवी. १९८३ मध्ये एका अंध मुलीच्या प्रकरणात पुराव्याअभावी आरोपी सुटले आणि तिचं गरोदरपण हा व्यभिचाराचा पुरावा मानून तिलाच पंधरा फटके आणि तीन वर्षं कैद सुनावली गेली. देशभर संताप उसळला, अपिलात शिक्षा रद्द झाली. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला लाहोरच्या मॉल रोडवर बायका मोर्चाने निघाल्या होत्या, कारण त्यांची साक्ष पुरुषाच्या निम्मी धरणारा कायदा येऊ घातला होता. त्यांच्यावर लाठ्या चालल्या. तो दिवस तिथे अजून पाळला जातो. पाकिस्तान म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एका मापाने मोजलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगतो: मूलतत्त्ववादाशी सगळ्यात मोठी किंमत देऊन लढलेली माणसं मुस्लिमच आहेत, आणि त्यांत बायका पुढे आहेत.

आता आपल्याकडे वळतो. इंदूरच्या घटस्फोटित शाहबानो यांना दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी द्यावी, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९८५ मध्ये कायम केला. पाच न्यायमूर्तींचं पीठ होतं, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड अध्यक्षस्थानी. उलेमांचा विरोध उठला आणि राजीव गांधींच्या सरकारने मे १९८६ मध्ये निकाल निष्प्रभ करणारा कायदा केला. त्याआधी फेब्रुवारीत अयोध्येतल्या वास्तूचं कुलूप निघालं होतं. एका बाजूला दिलं, म्हणून दुसऱ्या बाजूलाही दिलं, अशी ही सत्तेची गणितं होती. ज्या वर्षी झियांनी मृत्युदंडाचं कलम आणलं, त्याच वर्षी आपण दोन्ही बाजूंच्या धर्मकारणाला राज्याच्या मेजावर जागा करून दिली. फरक अर्थातच मोठा होता. आपली घटना शाबूत होती, आणि तिच्या २५व्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याबरोबर तोच ‘मुक्तपणे’ शब्द उभा होता, आजही आहे.

पण आज उत्तर प्रदेशात कोणाला धर्म बदलायचा असेल तर साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. फसवणूक आणि जबरदस्ती रोखायला हवी, यावर माझा वाद नाही. त्यासाठी फसवणुकीविरुद्धचे कायदे आहेत. स्वतःच्या मनाने निर्णय घेतलेल्या सज्ञान माणसाने सरकारी कचेरीत जाऊन आपली श्रद्धा तपासून घ्यावी, ही अट त्या शब्दाच्या विरोधात जाते. शब्द घटनेत असूनही जमिनीवर झिजू शकतो.

‘प्रबोधन हे पाश्चात्त्यांचं, ते आमच्यावर लादलेलं’ हे ऐकून ऐकून आता पाठ झालं आहे. पॅरिस आणि एडिंबरोमध्ये ज्यांनी हे विचार मांडले, त्यांच्याच देशांनी आफ्रिका आणि आशिया लुटली हे खरं आहे. पण महाराष्ट्राने तरी हा आक्षेप तपासून घ्यावा. महात्मा फुल्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात एका कुटुंबाचं चित्र रंगवलं आहे. त्या घरातली बाई बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो, आणि चौघं एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने एकत्र राहतात. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं. एका घरात चार धर्म, आणि त्यात मुलीलाही स्वतः वाचून ठरवण्याचा हक्क. इतकं मोकळं घर त्या काळच्या युरोपातही सहज सापडलं नसतं. ‘मुक्तपणे’ या शब्दाचा एवढा नेमका अर्थ मला दुसरीकडे कुठे भेटला नाही, आणि तो पुण्यात, मराठीत लिहिला गेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. सुधारणेच्या नावानेही राज्याने जुलूम केला आहे. इराणच्या रझा शहांनी १९३६ मध्ये बुरख्यावर बंदी घातली आणि पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं वस्त्र ओढून काढलं. कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ नंतर त्याच देशात तेच वस्त्र सक्तीचं झालं. दोन्ही वेळा बाईच्या डोक्यावर काय असावं हे राज्याने ठरवलं. माझ्या लेखी दोन्ही चूक आहेत आणि एकाच कारणाने चूक आहेत. प्रबोधनाचा वारसा सांगायचा तर शहाच्या पोलिसांची बाजू घेता येत नाही.

मग या विचारसरणीला उत्तर कसं द्यायचं? आपल्याकडे एक सवय आहे: ‘खरा धर्म असं सांगतच नाही.’ श्रद्धावान माणसाने आपल्या माणसांशी बोलताना हा युक्तिवाद जरूर करावा, त्याने घराघरांत फरक पडतो. पण कायद्याचा पाया म्हणून तो वापरला की आपण मूलतत्त्ववाद्याच्याच मैदानात जाऊन उभे राहतो, जिथे अखेरचा शब्द ग्रंथाचा असतो. शाहबानो निकालात न्यायालयाने कुराणातल्या आयतींचा आधार दिला होता, आणि अर्थ लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, हाच मुद्दा विरोधकांनी उचलला. २०१७ मध्ये तोंडी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. त्या तिघांपैकी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि उदय लळित यांनी समानतेच्या अनुच्छेदावर बोट ठेवलं. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी म्हटलं की ही प्रथा कुराणात वाईट, म्हणून कायद्यातही वाईट. निकाल एकच, पण मला पहिली वाट हवी आहे. कारण ग्रंथात ती प्रथा चांगली ठरली असती तर? त्या बाईचा हक्क एका अनुवादाच्या भरवशावर राहिला असता.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई हे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी जाणून होते. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला. सात. त्या संख्येवरून तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, नाव फुल्यांकडून घेतलेलं. दलवाई धर्मपंडितांशी आयतींवर झुंजत बसले नाहीत. त्यांचा मुद्दा होता की ही बाई भारताची नागरिक आहे आणि तिला इतर नागरिकांइतकेच हक्क हवेत. हिंदू जमातवाद्यांना त्यांच्या टीकेचा वापर करायचा होता, त्यांच्यावरही ते तितकेच कडाडून बोलले. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या आणि १९७७ मध्ये, पंचेचाळिशीच्या आत, गेले.

नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हा कायदा हिंदू धर्माविरुद्ध आहे, वारी बंद पडेल, पूजा करणं गुन्हा होईल, असा प्रचार गावोगाव झाला. प्रत्यक्षात कायद्याच्या अनुसूचीत बारा ठरावीक कृत्यं आहेत, आणि यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं त्यातच स्वच्छ लिहिलेलं आहे. कोणाच्याही देवाला तो हात लावत नाही. तो फक्त माणसाच्या देहाला आणि खिशाला होणारी इजा पाहतो. हेच सहन झालं नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ज्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. कट रचणाऱ्यांपर्यंत तपास पोचला नाही. अशाच गोळ्यांना बळी पडलेल्या पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांची नावं मी इथे नुसती लिहितो, प्रत्येकावर स्वतंत्र लिहायला हवं.

म्हणून कायद्याची भाषा सांभाळणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही, हेही पाकिस्ताननेच दाखवलं. १९८५ मध्ये गळालेला ‘मुक्तपणे’ हा शब्द एप्रिल २०१० मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने परत आला. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर ईश्वरनिंदेच्या कलमाने फाशीची शिक्षा झालेल्या एका ख्रिस्ती शेतमजूर बाईला तुरुंगात भेटायला गेले, आणि त्या कायद्यात सुधारणा हवी असं जाहीरपणे म्हणाले. ४ जानेवारी २०११ रोजी इस्लामाबादच्या बाजारात त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या बाईला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवायला २०१८ उजाडलं. तासीर यांच्या मारेकऱ्याला न्यायालयात आणलं, तेव्हा लोकांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. त्यांत अंगावर काळे कोट घातलेले वकील होते.